जुनी तबलाजोडी दुरुस्त करायची तर आधी खोड बघा

मी टर्नर आहे. कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर हयात गेली आणि संध्याकाळी भजनाला तबला. या दोन्हींच्या मधे कधीतरी जुन्या तबलाजोड्या मिळवून त्या वाजत्या करायचा नाद लागला. भंगारवाल्याकडं, जुन्या बाजारात, देवळाच्या माळ्यावर, कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेमागं अशा जोड्या अजून निघतात. लोक त्या घेऊन येतात आणि विचारतात, "नवी पुडी टाकली की झालं ना?" (पुडी म्हणजे वर मढवलेलं, मधे काळी शाई असलेलं कातडं.) बहुतेक वेळा होत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

तबलाजोडीत जुनं म्हणून जपण्यासारखं दोनच गोष्टींत असतं: तबल्याचं खोड (उजव्या हाताच्या वाद्याचं लाकडी अंग) आणि डग्ग्याचं भांडं (डाव्या हाताच्या वाद्याचं धातूचं अंग). पुडी, वादी (पुडी ताणून धरणारा कातड्याचा पट्टा), गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे), बुडाची गुडरी (वादी अडकवायचं कडं), चुंबळ (वाद्याखालची गोल गादी) हे सगळं झिजणारं सामान. ते बदलायचंच असतं, त्याचा लोभ धरू नका. पण खोड चांगलं नसेल तर वर कितीही भारी पुडी चढवा, आस (थापेनंतर टिकणारा नाद) मिळणार नाही. उलट खोड खणखणीत असेल तर मधे येणारी प्रत्येक अडचण सोडवता येते. त्यामुळं पैसे मोजायच्या आधी आणि मोजल्यानंतरही जास्तीत जास्त वेळ खोडावर घालवा.

घेताना काय बघायचं

विकणारा पुडीवर थाप मारून दाखवतो. तिकडं लक्ष देऊ नका, ती पुडी तुम्ही काढणारच आहात. तबला उचला. शिसवी खोडाला वजन असतं. साडेपाच इंची तोंडाचा तबला हातात घेतल्यावर साडेतीन किलोच्या आसपास भरला तर बरं वाटतं. फारच हलका लागला तर लाकूड आंब्याचं असेल, नाहीतर आतून पोखरलेलं. बुडाशी, जिथं रंग झिजलेला असतो तिथं, ओलं बोट फिरवा. शिसवी लाकूड लगेच गडद तपकिरी होऊन रेषा दाखवतं. खैर, बिबळा यांचीही खोडं चांगली असतात. आंब्याचं खोड नवशिक्याच्या सरावाला ठीक, पण त्यावर महिनाभर राबायचं कारण नाही.

मग बुडाच्या भेगा. जवळजवळ प्रत्येक जुन्या खोडाला बुडात भेगा असतात, कारण खोड वरून पोकळ आणि खालून भरीव असतं. पोकळी अर्ध्याहून थोडी जास्त खोल जाते, खालचा भरीव गोळा सावकाश वाळतो आणि तडकतो. त्या भेगांनी आवाजाला काही होत नाही. तोंडाच्या काठावरून खाली उतरणारी भेग मात्र वाईट, आणि ती नेमकी गजऱ्याखाली (पुडीच्या कडेची कातड्याची वेणी) लपलेली असते. म्हणून भाव ठरवताना "आत भेग निघाली तर परत आणेन" एवढं बोलून घ्या. बाजारातला माणूस हो म्हणेलच असं नाही. न म्हटला तर भाव तसा करा.

शेवटी तबला आडवा धरून पांढऱ्या कागदावर झटका. बारीक, पिवळसर, मैद्यासारखा भुसा पडला तर आत भुंगेरा आहे आणि तो जिवंत आहे. जुनी भोकं काळपट असतात, त्यांतून काही पडत नाही.

पुडी सोडणं

घरी आणल्यावर चाकू घेऊन वादी कापायची घाई असते सगळ्यांना. ताणलेली वादी एका बाजूनं कापली की उरलेला सगळा ताण समोरच्या बाजूला जातो, आणि काठाला बारीक भेग असेल तर ती तिथल्या तिथं उघडते. आधी आठही गट्टे हातोडीनं वर सरकवून एकेक काढा. समोरासमोरचे काढत जा. मग बुडाशी वादीची गाठ शोधा. ती वाळून दगड झालेली असते. ओल्या फडक्यात तासभर गुंडाळली की सुटते. वादी घराघरातून (गजऱ्यातली वादी ओवायची भोकं) सैल करत आणा आणि पुडी वर उचला.

ही जुनी पुडी नवी बसेपर्यंत टाकू नका. तिच्या आतल्या बाजूला काठाचा ठसा असतो. तो ठसा सगळीकडं सारख्या जाडीचा असेल तर काठ सपाट होता. कुठं ठसा रुंद, कुठं नुसती रेघ, कुठं काहीच नाही असं दिसलं तर तबला त्या जागी बोलत नव्हता. तबला न वाजवता त्याचा निम्मा इतिहास या ठशात वाचता येतो.

खोडाच्या आत हात घाला. धूळ, झुरळांची अंडी, एखादा जुना मणी, काय वाटेल ते निघतं. कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं धुऊ नका.

कीड

भुंगेरा निघाला की लोक रॉकेल ओततात, नाहीतर शेतीचं औषध. ज्या लाकडावर आपण रोज तासन् तास हात ठेवणार आणि ज्याच्या वर तोंड करून बसणार त्यात असलं काही मुरवायला माझी तयारी नाही. वस्तुसंग्रहालयांत लाकडी वस्तूंसाठी गोठवण्याची पद्धत वापरतात, ती तबल्यालाही चालते. माझ्या ओळखीत एकाची आइस्क्रीमची एजन्सी आहे, त्याच्या डीप फ्रीजरमधे कोपरा मिळतो. तिथं उणे १८ ते उणे २० अंश असतं. खोड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून, हवा काढून, टेपनं घट्ट बंद करून दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फाडायची नाही. पूर्ण एक दिवस तशीच राहू द्या, खोड खोलीच्या तापमानाला येऊ द्या. नाहीतर हवेतली ओल गार लाकडावर जमते आणि नवीनच दुखणं सुरू होतं.

यानं अळ्या मरतात, पोखरलेलं लाकूड भरून येत नाही. म्हणून नंतर टोच्या घेऊन काठाच्या आसपास ठिकठिकाणी दाबून बघा. नुसत्या बोटाच्या जोरानं टोच्या आत घुसत असेल तर ते खोड सोडून द्या. मी अशी खोडं ठेवतो, त्यांचा भुसा दुसऱ्या शिसवी खोडाच्या भेगा भरायला कामी येतो.

भेग

काठावरच्या भेगेसाठी हंगाम महत्त्वाचा. उन्हाळ्यात भेग पूर्ण उघडलेली असते. तेव्हा ती कडक मसाल्यानं ठासून भरली की पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्याला जागा मिळत नाही आणि शेजारी दुसरी भेग पडते. आमच्याकडं दसऱ्यानंतर ते संक्रांतीपर्यंतचा काळ या कामाला चांगला.

केसाएवढी भेग असेल तर आत साचलेलं तेल-मळ आधी काढा. पातळ ब्लेड आणि स्पिरिट. तेल राहिलं तर कुठलाही गोंद धरत नाही, आणि "अराल्डाइट लावलं तरी सुटलं" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या दहापैकी बहुतेकांचं कारण हेच असतं. मग सावकाश आवळणारं इपॉक्सी घ्या, झटपट वालं नको. हेअर ड्रायरनं लाकूड कोमट करा म्हणजे ते पातळ होऊन खोल उतरतं. त्यानंतर सायकलची जुनी ट्यूब दोन बोटं रुंदीच्या पट्टीत कापून खोडाभोवती ताणून, वेढ्यावर वेढा देत गुंडाळा. लोखंडी क्लॅम्प दोन ठिकाणी दाबतो; ट्यूब सगळीकडून सारखी आवळते आणि खोडाच्या निमुळत्या आकारावरून घसरत नाही. चोवीस तास हात लावू नका.

भेग काडेपेटीची काडी जाईल एवढी रुंद असेल तर शिसवीचीच पाचर हवी. पाचरीच्या रेषा खोडाच्या रेषांच्या दिशेनं ठेवा. ठोकून बसवू नका, अंगठ्यानं दाबून जेवढी जाईल तेवढी. वर उरलेला भाग दुसऱ्या दिवशी पटाशीनं काढायचा.

आणि कधीकधी भेग भरली, वाळली, साफ केली, आणि पंधरा दिवसांनी तिच्याच शेजारी समांतर दुसरी रेघ दिसते. वैताग येतो. पण याचा अर्थ लाकूड अजून हलतंय एवढाच. ते खोड खोलीत, उन्हापासून लांब, पंख्याच्या झोतापासूनही लांब, एक अख्खा पावसाळा आणि एक हिवाळा ठेवून द्या. दरम्यान डग्ग्याचं काम करा.

काठ

माझ्या मते सगळ्या दुरुस्तीचा जीव इथं आहे.

मी टर्नर म्हटल्यावर लोक सुचवतात, लेथवर चढवून तोंड एका कटमधे सपाट का करत नाही? तीन कारणं. जुनं खोड गोल राहिलेलं नसतं. लाकूड सगळ्या दिशांनी सारखं आकसत नाही, म्हणून व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं हत्यार) लावला तर उभं आणि आडवं माप एक-दीड मिलिमीटरनं वेगळं येतं. असं खोड चकमधे (लेथचा पकडणारा भाग) धरलं की जबडे एका बाजूला रुततात. दुसरं, टूल काठाच्या रेषांवर आडवं येतं तिथं लाकडाची कपची उडते. तिसरं कारण सगळ्यात मोठं. तबला वरच्या बाजूला निमुळता असतो. वरून जेवढं कापाल तेवढं तोंड रुंद होतं, आणि तोंड रुंद झालं की सूर खाली जातो. साडेपाच इंची, काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा) तबला जर तुम्ही कापून पावणेसहाला नेलात तर त्याला पुन्हा काळी एकला ओढताना पुडीचे हाल होतात.

म्हणून हातानं. आठ-दहा मिलिमीटर जाडीची काच टेबलावर ठेवा, तिच्यावर १२० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवा. खोडाच्या काठावर खडूनं सगळीकडं रेघा मारा. खोड पालथं करून, त्याचं स्वतःचं वजन पुरेसं असतं, वरून न दाबता चार-पाच गोल फिरवा आणि उचलून बघा. जिथला खडू गेला तो उंचवटा. जिथला राहिला तो खड्डा. पुन्हा खडू, पुन्हा फेरे, आणि दर वेळी खोड थोडं फिरवून धरा म्हणजे हाताचा कल एका बाजूला बसणार नाही. हळूहळू खडू सगळीकडून सारखा जायला लागतो. मग २२० नंबर, आणि थांबा. काठ आरशासारखा करायची गरज नाही.

आता कडा. आतली धार नुसती मोडायची. बाहेरच्या कडेला मात्र दोन-तीन मिलिमीटरची गोलाई हवी, कारण कातडं तिथूनच वळून खाली जातं. ती कड तीक्ष्ण राहिली तर नवी पुडी पहिल्याच ओढीत चाटेखाली (पुडीच्या कडेची कातडी पट्टी) कापली जाते, आणि दोष पुडीवाल्याला लागतो. बोटाच्या पेरानं काठावरून सगळीकडं फिरून बघा. डोळ्याला न दिसणारा खवला बोटाला लागतो.

काठाला तेल, पॉलिश, व्हार्निश काही लावू नका. बाहेरच्या अंगाला जुना ऑइलपेंट असेल तर काचेच्या तुकड्यानं तासून काढा, सुतार तसंच करतात. वरून लाखेचं पॉलिश द्या किंवा जवसाचं तेल पुसा. जवसाच्या तेलाची चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेते. दोरीवर पसरून वाळवा. तासताना बुडाशी खिळ्यानं कोरलेलं मंडळाचं नाव, तिथी असं काही सापडलं तर ते ठेवा. रंगाच्या तीन थरांखालून वाकडीतिकडी अक्षरं वर येतात तेव्हा ती पॉलिशपेपरनं घालवणाऱ्याचा मला राग येतो.

पुडी

मिरजेत वाद्यांची कामं करणारी घराणी आहेत. तिथल्या एका चाचांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "पावणं, माप आणू नका, खोड आणा." ते खरं आहे. बाजारात तयार पुड्या सव्वापाच, साडेपाच, पावणेसहा अशा मिळतात, आणि जुनी खोडं हटकून यांच्या मधे कुठंतरी असतात. ऑनलाइन मागवलेली साडेपाचची पुडी मोजली तर सव्वापाचच्या जवळ निघते, परत घ्यायला कुणी तयार नसतं. लहान पुडीचा गजरा काठाच्या अगदी जवळ, वर अडकून बसतो. मोठ्या पुडीचा गजरा पहिल्याच दिवशी इतका खाली येतो की पुढं सूर चढवायला जागाच उरत नाही. नवी पुडी बसल्यावर गजरा काठापासून साधारण बोटभर खाली आणि सगळीकडं सारख्या उंचीवर दिसला पाहिजे.

पुडी निवडताना ती उजेडासमोर धरा. बकऱ्याचं कातडं आहे. मैदानात (चाट आणि शाईमधली मोकळी जागा) पाठीच्या कण्याची जाड रेघ एका बाजूनं गेलेली दिसली तर दुसरी मागा. चाट सगळीकडं सारख्या रुंदीची हवी. शाईवर बोटाच्या नखानं हलकं टिचकी मारत फिरा, पोकळ आवाज आला तर थर सुटलाय.

शाईच्या दुरुस्तीच्या भानगडीत घरी पडू नका. लोखंडाची भुकटी खळीत कालवून, पातळ थरावर थर देत, प्रत्येक थर दगडानं घोटून ती चढवलेली असते. त्या घोटण्यानं पडणाऱ्या बारीक चिरांमुळंच ती लवचीक राहते. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिलं की साध्या ताणलेल्या पडद्याचे उपस्वर एकमेकांशी मेळ खात नाहीत, पण मधे असं वजन दिलेल्या आपल्या वाद्यांचे खातात. तबल्याला सूर आहे तो शाईमुळं. कडेनं टवका उडालेल्या शाईवर फेव्हिक्विकचा थेंब सोडणारे महाभाग मी पाहिलेत. त्या थेंबानं तिथली चीर गोठते आणि तबला एका बाजूनं मुका होतो.

मढवणं

वादी म्हशीच्या कातड्याची, शक्यतो एका तुकड्यात निघालेली घ्या. ती पाण्यात भिजू द्या. वाकवल्यावर कडकड न करता वळली की झालं. पुडीचा फक्त गजरा ओल्या फडक्यात गुंडाळायचा. शाईला पाणी लागू द्यायचं नाही.

पुडी काठावर ठेवा, चाट सगळीकडून सारखी आहे ना बघा आणि समोरासमोर चार ठिकाणी सुतळीनं तात्पुरती बांधून घ्या. आता वादी गजऱ्याच्या घरातून खाली, गुडरीतून वर, अशी सोळा घरं ओवत फिरवा. पहिला फेरा सैलच. दुसऱ्या फेऱ्यात पकडीच्या तोंडाला कापड गुंडाळून ओढा, पण गोल गोल जात नव्हे. एका घराची ढील काढली की समोरच्या घराकडं जा. मधे मधे लाकडी हातोडीनं गजरा सगळीकडून हलकेच खाली बसवा. रात्रभर सावलीत ठेवा. सकाळी वादी पुन्हा सैल लागेल, ओलं कातडं ताणानं पसरतं. पुन्हा ओढा. कोरडं झाल्यावरच गट्टे घालायचे, एकेका गट्ट्याखाली चार वाद्या.

वादी ओढता ओढता तुटते. जुन्या साठ्यातली असेल तर नक्की तुटते. सगळं उसवायची गरज नाही. दोन्ही टोकांना बोटभर लांबीची चीर द्या, एक टोक दुसऱ्याच्या चिरेतून घालून त्याचं उरलेलं अंग स्वतःच्या चिरेतून ओढून घ्या. सपाट सांधा बसतो. फक्त हा सांधा बुडाकडं येईल असं बघा. गजऱ्याच्या घरात आला तर पुढं सरकत नाही, गट्ट्याखाली आला तर तिथंच पुन्हा तुटतो.

सूर लावताना काळी एक हवी असेल तर षड्ज साधारण २७७ हर्ट्झ. मोबाइलवरचा ट्यूनर चालतो, पण घराघराचा फरक कानानंच काढावा लागतो. चाटेवर एकेका घरासमोर वाजवत जा. गजऱ्यावर वरून ठोकलं की त्या घराचा सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. मोठा फरक असेल तर गट्टे.

इथं सगळ्यात चिवट अडचण येते: पंधरा घरं मिळाली आणि एक मिळत नाही. ठोकलं की शेजारची चढतात, हे तसंच. लोक तिथं हातोडी वाढवत नेतात आणि पुडी फाडतात. थांबा. पेन्सिलीनं खोडावर आणि गजऱ्यावर त्या जागी खूण करा. वादी सैल करून पुडी पाव वळसा फिरवून पुन्हा बसवा. एक संध्याकाळ जाते, पण उत्तर पक्कं मिळतं. वाईट जागा पुडीबरोबर फिरली तर दोष पुडीत. कातडं तिथं जाड आहे, पुडीवाल्याला दाखवा. खोडाच्या खुणेलाच राहिली तर दोष काठात. परत काच आणि खडू.

डग्गा

डग्ग्याचं भांडं तांब्याचं असेल तर नशीब. वरून निकेलचा मुलामा असतो, म्हणून बुडाशी झिजलेल्या जागी रंग बघा. पितळ पिवळं, तांबं लालसर. पोचे असणारच. बारीक पोच्यानं घुमाऱ्यात फरक पडत नाही, तो राहू द्या. काठाजवळचा पोचा मात्र काढावा लागतो, कारण तिथं पुडी टेकत नाही आणि झर्र आवाज येतो.

तांबं ठोकून ठोकून कडक झालेलं असतं. थंडच ठोकलं तर काठ चिरतो. आधी मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करायचं, मग आतून खुंटावर धरून लाकडी हातोड्यानं. हे काम तांबटाचं. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, पेशवाईपासून तिथं हे काम चालतं, आणि त्यांचं मठारकाम (ठोके देऊन पत्रा घडवणं) पाहिलेला माणूस आपल्या हातोड्याला हात लावणार नाही. मुलामा तापवताना जातो हे आधीच मान्य करा. मी तो परत देत नाही. चिंच-मीठ लावून घासलेलं तांबं मला जास्त आवडतं.

काठाला चीर निघाली तर तापवायच्या आधी चिरेच्या टोकाला दीड मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे चीर पुढं पळत नाही. नंतर डाक (वितळलेल्या धातूचा सांधा). एकदा एका गॅसवेल्डिंगवाल्याकडं दिलेल्या डग्ग्याच्या काठाला चीर होती तिथं बोटभर भगदाड पडून आलं. त्याला पातळ तांब्याचा अंदाज नव्हता. असं झालंच तर भांडं भंगारात काढू नका. तांबट त्या जागी पत्र्याचं ठिगळ डाक देऊन बसवतात आणि काठ पुन्हा वळवून घेतात. ठिगळ दिसतं. दिसू दे.

पाऊस आणि गणपती

दुरुस्तीच्या मागण्या येतात आषाढ-श्रावणात, कारण पुढं गणपती. आणि कोल्हापूरचा पाऊस त्याच वेळी भरात. हवेतली ओल कातडं ओढून घेतं, सकाळी लावलेला सूर दुपारी उतरतो, वादीवर पांढरी बुरशी धरते. बुरशी कोरड्या फडक्यानं पुसायची, पंख्याखाली ठेवायची. पुडी शेगडीवर शेकायची नाही. चाट सुटते, शाई तडकते. मी जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत चाळीस वॅटचा पिवळा बल्ब लावलाय. झाकण बोटभर उघडं ठेवून, तबला बल्बपासून लांबच्या टोकाला. रात्रभरात वादी सुकते. तरीही पावसाळ्यात मढवलेली जोडी दिवाळीत एकदा परत सुरात लावावी लागेल, हे घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. त्यावेळी ती चढी लागणार, आणि लोक म्हणणार की काम कच्चं केलं.

पहिले पंधरा दिवस जोडी घरीच वाजवा. कायदा, ठेका, जे येईल ते, पण सलग आणि मध्यम हातानं. रोज सूर थोडा उतरेल, रोज थोडा चढवा. उतरणं थांबलं की जोडी द्यायला हरकत नाही. देताना चुंबळ आणि हातोडी सोबत द्या. हातोडी नसली की मंडळात कुणीतरी मोटरसायकलचा पाना घेऊन येतो आणि गजरा पहिल्याच आरतीला फुटतो.